तुमचे प्रश्न, माझी उत्तरं : गाडी खेचेल, पण ट्रेलर सांभाळेल का?

(मोटार विम्याची सर्व्हेअर म्हणून मी सत्तावीस वर्षं काम केलं. अपघात झालेली गाडी जिथे उभी असेल तिथे जायचं, काय मोडलं ते बघायचं आणि का मोडलं ते लिहायचं. आता मुलुंडला घरी असते आणि दर महिन्याला या पानावर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देते. या वेळी तीन पत्रं एकाच विषयाची आली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. नातवंडांना घेऊन फिरायचं म्हणून पुण्याच्या एका गृहस्थांकडून जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. आमच्याकडे सात सीटची डिझेल एसयूव्ही आहे. शोरूममधला मुलगा म्हणाला, ‘काका, अडीच टन आरामात खेचेल.’ ट्रेलरच्या पाटीवर रिकामं वजन ९८० किलो आणि भरलेलं जास्तीत जास्त १,३५० किलो आहे, म्हणजे जेमतेम निम्मं ओझं. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून मागे हूक बसवून घेतला. सोसायटीच्या चढावर गाडीने ट्रेलर सहज ओढला. गणपतीला आम्ही सहा जण ट्रेलर घेऊन चिपळूणजवळच्या गावी जायचं म्हणतोय. पत्नीला मात्र धास्ती वाटते. तिची समजूत कशी घालू?
— एक वाचक, कांदिवली (पूर्व)

उत्तर : समजूत घालू नका. वहिनींची धास्ती खरी आहे, आणि ती खरी का आहे हे आता तुमच्या स्वतःच्या आकड्यांवरूनच दिसतंय.

तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला फोन करून कळंबोलीच्या वजनकाट्यावर जायला सांगितलं. लोखंड बाजारामुळे तिकडे काट्यांना तोटा नाही. तुम्ही रविवारी सकाळी सगळं कुटुंब, सगळं सामान आणि भरलेली डिझेलची टाकी घेऊन गेलात, तीन पावत्या आणि पाट्यांचे फोटो पाठवलेत, याबद्दल आधी मनापासून आभार. शंभरातला एखादाच माणूस एवढे कष्ट घेतो. बाकीचे माहितीपत्रकातला एक मोठा आकडा बघतात आणि निघतात.

वाचकांसाठी तुमचे आकडे इथे देते. गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पाटीनुसार गाडीचं भरलेलं वजन जास्तीत जास्त २,६५० किलो असायला हवं, आणि मागच्या अॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून, जास्तीत जास्त १,४८० किलो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १,८०० किलो, ब्रेक नसलेल्यासाठी ७५० किलो आणि गाडी व ट्रेलर मिळून ४,३०० किलो अशी मर्यादा छापली आहे. शोरूममधल्या मुलाचे अडीच टन त्यात कुठेच नाहीत. आता पावत्या. ट्रेलर सोडून नुसती भरलेली गाडी २,५४० किलो. त्याच गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर, तेव्हा १,४४० किलो. गाडी आणि ट्रेलर एकत्र ३,९६० किलो.

वरवर बघितलं तर सगळं ठीक वाटतं. ४,३०० च्या आत ३,९६०, आणि २,६५० च्या आत २,५४०. ‘खेचेल का?’ एवढाच प्रश्न असता, तर उत्तर ‘हो’ असंच आलं असतं. पण आजच्या डिझेल इंजिनाला खेचणं जड नसतं. अपघाताच्या जागी मी जे जे ट्रेलर पाहिले, त्यातला एकही ओढायला ताकद कमी पडली म्हणून उलटला नव्हता.

पहिली गोष्ट ट्रेलरच्या वजनाची. ३,९६० तून २,५४० वजा केले की १,४२० उरतात. पाटीवर मर्यादा १,३५०, म्हणजे ट्रेलर ७० किलोने जास्त भरलेला आहे. पाटीवरचा ९८० हा आकडा कारखान्यातून बाहेर पडला तेव्हाचा. आधीच्या मालकाने त्यावर एसी चढवला, इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या बसवल्या. त्या बॅटऱ्या एकेक पंचावन्न किलोच्या आहेत. पलंगाखाली १२० लिटरची पाण्याची टाकी, म्हणजे भरल्यावर १२० किलो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर तुम्ही ठेवलात, तो लोखंडासकट तीस किलोच्या आसपास भरतो. भांडी, गाद्या, खुर्च्या वेगळ्याच. कुणी ‘ट्रेलर रिकामा एवढ्याचा आहे’ असं म्हणालं की मी तो आकडा लिहूनसुद्धा घेत नाही.

दुसरी गोष्ट ट्रेलरच्या नाकावरच्या, म्हणजे हुकाला जोडतो त्या पुढच्या टोकावरच्या, वजनाची, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी आहे. इथे जरा थांबते.

माझे आजोबा जुन्नरकडचे. बैलगाडीत पोती भरताना ते गड्यांना सारखे सांगायचे, ‘उलाळ भरू नका रे.’ ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं, आणि उतारावर गाडी बैलांना हवी तशी हलवते. ओझं फार पुढे गेलं की बैलांची मान दबते. मानेवर थोडा, नेमका दाब राहील अशी गाडी भरणं हे कसब होतं. ट्रेलरचं शास्त्र तंतोतंत हेच आहे. हुकावर ट्रेलरचं नाक किती दाब देतं, त्यावर तो सरळ चालणार की शेपूट हलवणार हे ठरतं.

हा दाब मोठ्या वजनकाट्यावर मोजू नये. ट्रकच्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक सहज पडतो, आणि इथे तेवढ्यावरच सगळं अवलंबून असतं. तो घरच्या वजनाच्या काट्यावर मोजता येतो. तुम्ही फोनवर विचारत विचारत केलंत, तेच सगळ्यांसाठी सांगते. ट्रेलर सपाट जागेवर उभा करून चाकांना पुढून-मागून विटा लावायच्या. एक मजबूत फळी घ्यायची. तिचं एक टोक विटेवर, दुसरं वजनकाट्यावर, आणि दोन्ही टेकूंमध्ये बरोबर तीन फूट अंतर. फळीचं वजन काट्यावर जेवढं दिसेल ते आधी लिहून ठेवायचं. मग फळीवर विटेपासून एक फुटावर, म्हणजे काट्यापासून दोन फुटांवर, लाकडाचा ठोकळा उभा करायचा आणि ट्रेलरचं नाक त्यावर हलकेच टेकवायचं. नाकाची उंची हुकाइतकीच हवी, नाहीतर आकडा चुकतो. काट्यावर जे वाढलं त्याला तीनने गुणायचं. या पद्धतीने काट्यावर नाकाच्या वजनाचा तिसराच हिस्सा येतो, त्यामुळे घरचा काटा मोडत नाही.

तुमच्याकडे काट्यावर १९ किलो वाढले. तीन गुणिले १९ म्हणजे ५७. ट्रेलरच्या १,४२० किलोंपैकी हे जेमतेम चार टक्के. युरोपातल्या हलक्या ट्रेलरना साधारण पाच ते सात टक्के सांगतात, अमेरिकेत दहा ते पंधरा. तिकडे ट्रेलरची घडण वेगळी आणि रस्त्यावरचा वेगही जास्त, म्हणून आकडे वेगळे. पण चार टक्के यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. बॅटऱ्या, पाणी आणि एसी तिन्ही मागच्या भिंतीजवळ आहेत. तुमचा ट्रेलर उलाळ आहे.

उलाळ ट्रेलर काय करतो ते मी मनोरजवळ पाहिलं आहे. २०१२ चा जून, पाऊस नुकताच लागलेला. एक गृहस्थ ट्रेलरवर छोटी मोटरबोट घालून डहाणूकडे निघाले होते. बोटीचं इंजिन तिच्या मागच्या टोकाला, म्हणजे सगळा भार शेवटी. उतारावर एका लक्झरी बसने त्यांना मागे टाकलं. मोठी बस शेजारून जाते तेव्हा तिच्या पुढची हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. त्या धक्क्याने ट्रेलरची शेपूट हलली. नाकावर पुरेसा दाब असता तर दोन हेलकाव्यांत ती शांत झाली असती. दाब कमी आणि वेग जास्त असला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. ते घाबरले आणि त्यांनी कचकन ब्रेक मारला. गाडी मंदावली, ट्रेलर मंदावला नाही, तो शेजारून पुढे आला. माणसं वाचली, ते नशीब. मी पोचले तेव्हा गाडी कठड्याला आडवी होती आणि हूक बीमसकट उखडलेला होता. मी खाली बसून बीमची पट्टी हातात घेतली. दोन मिलिमीटरचा पत्रा. त्यातलं बोल्टचं गोल भोक ओढून ओढून काजूगरासारखं लांबट झालं होतं, आणि भोकाच्या कडेला जुना गंज होता. म्हणजे ते भोक त्या दिवशी एकाएकी फाटलेलं नव्हतं. आधीच्या कित्येक फेऱ्यांपासून ते थोडं थोडं सरकत होतं, आणि खाली वाकून कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या हुकाचे फोटो मागवले. ते बघून मला झोप लागली नाही. चार बोल्टांपैकी दोन बंपरच्या मागच्या पत्र्याला आहेत, चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, नाहीत. हुकावर कुठलीही पाटी नाही. मुंबईत असे हूक सर्रास दिसतात, मागून रिक्षा धडकली तर बंपर वाचावा म्हणून लोक ते लावतात. त्यांचा तेवढाच उपयोग, त्यांना ट्रेलर जोडायचा नाही. खऱ्या हुकाच्या पाटीवर दोन आकडे असतात. एक नाकाचा दाब किती चालेल तो, किलोत. दुसरा ‘डी’ नावाचा, ओढाताणीचा, किलोन्यूटनमध्ये. तुमच्या जोडीसाठी हा डी किती हवा ते काढता येतं. गाडी २.६५ टन, ट्रेलर १.३५ टन. दोन्हींचा गुणाकार भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले ९.८१, म्हणजे सुमारे ८.८. हुकाच्या पाटीवर डी याहून कमी असेल तर तो घेऊ नका, आणि पाटीच नसेल तर हात लावू नका. हुकाच्या टोकाचा लोखंडी गोळा, म्हणजे बॉल, तोही मोजून घ्या. तुमच्या ट्रेलरचं तोंड ५० मिलिमीटरच्या बॉलचं आहे. बाजारात ४७.६ मिलिमीटरचाही बॉल मिळतो. तो ५० च्या तोंडात सहज बसतो आणि खड्ड्यात तितक्याच सहज निसटतो.

‘मग नाकावर दाब वाढवतो, झालं’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण इथे तिसरी अडचण येते. नाकावर १०० किलो आणले असं धरा. गाडीचं वजन २,६४० होतं, मर्यादा २,६५०, म्हणजे पास. पण हे शंभर किलो गाडीच्या मधोमध पडत नाहीत, मागच्या अॅक्सलच्याही मागे लोंबतात. तुमच्या गाडीच्या दोन अॅक्सलमधलं अंतर २.७५ मीटर, आणि मागच्या अॅक्सलपासून हूक १.१० मीटर मागे. तराजूच्या दांडीसारखं बघा. मागच्या अॅक्सलवर १०० नव्हे, १४० किलो वाढतात, आणि पुढच्या चाकांवरचे ४० कमी होतात. १,४४० अधिक १४० म्हणजे १,५८०, आणि मर्यादा १,४८०. एकूण वजन पास झालं तरी मागचा अॅक्सल शंभर किलोने नापास. शिवाय ज्या पुढच्या चाकांनी गाडी वळते, तीच हलकी झाली. पावसात, गुळगुळीत रस्त्यावर ते कसं वाटतं ते तुम्हाला अनुभवायला लागू नये.

आता उपाय. ट्रेलरमधलं पाणी निघताना ओतून टाका, चिपळूणला नळ आहे. एक ट्यूब्युलर बॅटरी घरी ठेवा. मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचा घ्या. तीन मिळून साधारण १९३ किलो कमी होतात आणि ट्रेलर १,२२७ वर येतो. मग गाडीच्या डिकीतलं १०० किलो सामान ट्रेलरमध्ये हलवा, चाकांच्या बरोबर वर किंवा जरा पुढे, जमिनीलगत. आता ट्रेलर १,३२७, मर्यादेच्या आत. उरलेली बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या भागात आणा. फळी लावून पुन्हा मोजा आणि नाकावर ९५ किलोच्या जवळपास येईपर्यंत सामान पुढे-मागे करत राहा. डिकीतलं वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे होतं, म्हणून ते काढल्यावर तिथले १२० च्या आसपास किलो कमी होतात. त्यात ९५ किलोंच्या नाकाचे १३३ मिळवा. १,४५३ होतात. मर्यादा १,४८०. जेमतेम का होईना, बसतं. पण हा माझा कागदावरचा हिशेब. काट्यावर पुन्हा जा आणि पावती बघा.

एवढं करूनही यंदा गणपतीला ट्रेलर नेऊ नका, असंच मी सांगेन. कारण तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे. ट्रेलरला ब्रेक आहेत, गाडी मंदावली की ट्रेलरचं नाक आत दबून आपोआप लागणारे. पण आधीच्या मालकाने त्याची केबल काढून टाकलेली दिसते, आणि रॉड गंजून एकजीव झाला आहे. म्हणजे हा ब्रेक नसलेला ट्रेलर झाला, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकातली त्याची मर्यादा ७५० किलो आहे. युरोपातही याच आकड्याच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. तुमचा ट्रेलर त्याच्या जवळजवळ दुप्पट.

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. तेवढ्या उंचीवरून उतरणाऱ्या गाडीतली शक्ती, ताशी १०० च्या वेगातून पूर्ण थांबण्याच्या चौदा वेळांइतकी होते. थोडी हवा खाते, थोडी इंजिन खातं, बाकी सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. ट्रेलरला ब्रेक नसेल तर त्याच्या वाट्याचीही तुमच्या गाडीच्या चार चाकांत जाते. बोरघाटात ‘ब्रेक फेल’ झालेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो, त्यातल्या कितीतरी वेळा ब्रेक मोडलेले नसतात, तापून निकामी झालेले असतात. तुमच्या वाटेवर कशेडीला बोगदा झाल्यामुळे जुना घाट टळतो, पण परशुराम घाट आहेच. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. ट्रेलर असेल तर त्याहून एक खालचा.

ब्रेक नवे करून घ्या, हूक चासीला लावून घ्या, ट्रेलरचे टायर बदला. नक्षी चांगली दिसते म्हणालात, पण टायरच्या कुशीवर २३१६ असा शिक्का आहे. २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षानुवर्षं उभा राहतो, त्याची नक्षी झिजत नाही, रबर आतून कडक होतं. एवढं झालं की दिवाळीनंतर, रस्ता कोरडा असताना, एका रविवारी पहाटे फक्त तुम्ही आणि मुलगा पनवेलवरून कर्नाळ्यापर्यंत जाऊन या. ताशी ६०-७० च्या वर नाही. जर्मनीसारख्या देशात, तिथल्या रस्त्यांवरसुद्धा, ट्रेलरला एरवी ८० चीच मर्यादा आहे. शेपूट हललीच तर अॅक्सलरेटरवरून पाय काढा, ब्रेकवर ठेवू नका, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा आणि गाडीला आपोआप मंदावू द्या. दर थांब्यावर हुकाचे बोल्ट आणि ट्रेलरच्या चाकांचे मधले भाग हात लावून बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं तर ते अडकतंय.

गणपतीला या वर्षी नेहमीसारखं जा. ट्रेलर पुढच्या वर्षीही आहे.

प्रश्न : माझी मुलगी डॅलसला असते. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार आहोत. जावई ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने घेऊन सगळ्यांना कोलोरॅडोला नेणार म्हणतात. त्यांच्या एसयूव्हीची क्षमता ५,००० पौंड, ट्रेलर ४,४०० पौंडांचा. माणसं सहा. चालेल ना?
— एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, जावयांना दोन गोष्टी बघायला सांगा. ४,४०० हे कोरडं वजन आहे का? बहुतेक असणार. पाणी, गॅस, बॅटरी आणि सामान धरून ते सहज ४,९०० होतं. अमेरिकेच्या हिशेबाने त्याचे बारा टक्के नाकावर, म्हणजे सुमारे ५९० पौंड. पाच हजार पौंड खेचू शकणाऱ्या अनेक गाड्यांना नाकावर ५०० पौंडच चालतात. त्यांच्या हुकावर आणि पुस्तकात किती लिहिलंय ते वाचायला सांगा.

दुसरी गोष्ट. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसेल, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. समजा ते १,१५० आहे. सहा माणसांचे आठशे धरले तर उरले ३५०. ट्रेलरच्या नाकाचा भारही यातूनच जातो, आणि तो ५९० आहे. बॅगा अजून भरल्याच नाहीत.

मग ‘५,००० पौंड’ आले कुठून? तिथल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने क्षमता ठरवायची एक ठराविक पद्धत आखली आहे, जे २८०७ नावाची. तिच्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासूनचा लांब चढ, शंभर फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो. परीक्षा कडकच आहे. पण गाडीत माणसं धरतात दोनच, दीडशे-दीडशे पौंडांची. तिसऱ्या माणसापासून पुढचं सगळं वजन त्या ५,००० तून कमी होत जातं. तुम्ही सहा जण.

शिवाय कोलोरॅडो म्हणजे पहाड. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लांब उतार आहेत. मी जावयांच्या जागी असते तर छोटा, ३,००० पौंडांच्या आतला ट्रेलर घेतला असता, आणि दोघांना विमानाने डेन्व्हरला आणून तिथे गाठलं असतं. तुम्ही दोघंच विमानाने जा असं मोकळेपणाने सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही. निघाल्यावर वाटेतल्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलची पाटी दिसेल. तिथे थोडक्या पैशांत प्रत्येक अॅक्सलचं वेगवेगळं वजन छापून मिळतं.

प्रश्न : ताई, छोटा ट्रेलर इलेक्ट्रिक गाडीला जोडला तर? आणि त्याला नंबर घ्यावा लागतो का?
— एक वाचक, वसई

उत्तर : इलेक्ट्रिक गाडीच्या पुस्तकात ट्रेलरसाठी आकडा छापला आहे का, हे आधी बघा. छापला नसेल किंवा ‘शिफारस नाही’ असं लिहिलं असेल, तर तिथेच थांबा. ओढायचा जोर त्या मोटरमध्ये भरपूर असतो, पण वर कांदिवलीकरांना सांगितलं तेच, जोराचा प्रश्न नाही. आकडा असेल तरी उंच ट्रेलर हवा अडवतो, त्यामुळे एका चार्जिंगमधलं अंतर निम्म्यावर आलं तरी आश्चर्य वाटू देऊ नका, आणि बऱ्याच चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय गाडी आत शिरत नाही.

नंबर लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलरची नोंदणी वेगळी होते, आणि त्याचा स्वतःचा नंबर त्याच्या कुशीवर लिहायचा असतो. शिवाय कलम ६१ सांगतं की पुढच्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. गाडीच्या विम्यात ट्रेलर आपोआप येतो असं समजू नका. विमा कंपनीला ट्रेलरचा नोंदणी क्रमांक लेखी कळवा आणि पॉलिसीवर तो छापून आलाय की नाही ते वाचून बघा. मनोरच्या त्या गृहस्थांच्या पॉलिसीवर तो नव्हता, आणि तसं मला माझ्या अहवालात लिहावं लागलं.